न घडलेला अपघात

गेल्या चैत्रात माझ्या हातून एक अपघात घडावयाचा राहिला. कोणास खरचटलेसुद्धा नाही; एका जुन्या मोटारीच्या पत्र्यास बोटभर पोचा आला, एवढीच काय ती दृश्य हानी, आणि तो पोचाही ठोकून सरळ केल्यास आता पुष्कळ दिवस लोटले. असे असता त्या गोष्टीवर मासिकाची पाने का खर्ची घालावी, असे कोणी विचारील तर ते रास्तच होय. माझे उत्तर इतकेच की, जे घडले त्याचा विचार त्याच दिवशी संपला. जे घडले नाही त्याचा मात्र अद्याप संपत नाही. ज्या चुकीचे फळ पदरी पडले नाही ती चूक चूकच नव्हे काय? आणि असेल, तर तिची कबुली कोणाजवळ द्यावयाची? नीतिशास्त्र शिकविण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. पण हा प्रश्न मला ग्रंथात भेटला नाही. तो अंगणातील निंबाखाली, ग्रीसने माखलेले हात पुढे धरून बसलो असता भेटला.

आमच्याकडे एक जुनी आल्टो मोटार आहे. फाल्गुनात आम्ही धाराशिवहून तेरला गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनास निघालो, तेव्हा वाटेतील प्रत्येक गतिरोधकावर तिच्या पुढल्या अंगातून ‘खडाड्’ असा आवाज येऊ लागला. खड्ड्यातून बाहेर पडल्यावर एकदा हलून स्थिर व्हावयाचे सोडून ती होडीसारखी तीनतीनदा डुले. परत आल्यावर ज्यांच्याकडे आमची गाडी नेहमी असते त्या उस्तादांना दाखविली. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडून दिला, खाली वाकून नळीवर ओघळलेले तेल बोटाने टिपले, आणि म्हणाले, “शॉकअप गेले, सर. दोन्ही.” जाता जाता आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली: “हँडब्रेकची केबलपण ढिली झाली आहे. उतारावर भरवसा ठेवू नका.” हे दुसरे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी ते ध्यानात ठेवले नाही. किंवा अधिक खरे बोलावयाचे तर, ध्यानात असून बाजूस सारले.

गॅरेजात ज्यास सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात ती वस्तू अशा लहान मोटारीत तीन कामे करते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. तिच्यातील पोलादी स्प्रिंग गाडीचा भार तोलते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की, एकदा दाबली म्हणजे ती स्वस्थ बसावयाची नाही. ती उसळते, पुन्हा बसते, पुन्हा उसळते. तिला आवर घालण्यासाठी तिच्या पोटातून तेलाने भरलेली एक नळी गेलेली असते. नळीतील दट्ट्या वरखाली होतो, तेलास बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या झटापटीत उसळीचे बळ उष्णतेच्या रूपाने विरून जाते. तिसरे काम हे की, हा सगळा संच खांबासारखा उभा राहून चाकास सरळ धरून ठेवतो. ही युक्ती अर्ल मॅकफर्सन नामक अमेरिकन एंजिनियराची. इंग्लंडात १९५० साली निघालेल्या फोर्ड कॉन्सल गाडीत ती आली, आणि आपल्याकडे डिसेंबर १९८३ पासून मारुती ८०० बरोबर ती सामान्य घरांच्या दाराशी येऊन उभी राहिली. तेल गळून गेले म्हणजे केवळ बसणाऱ्यांस हिसके बसतात असे नव्हे. खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीस धरून राहत नाही, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. म्हणजे दुरुस्ती टाळणे हाही एक निर्णयच होता, आणि तो निर्णय माझ्या एकट्यापुरता नव्हता.

हे काम घरी, स्वतःच्या हाताने करावे असे मला वाटले. मजुरीचे पैसे वाचणार होते. पण ते कारण खरे नव्हे. खरे कारण अभिमानाचे होते. आमचा जो इंग्रजी शिकलेला वर्ग आहे त्याने गेल्या शंभरसव्वाशे वर्षांत जीभ व लेखणी या दोन साधनांवर आपला संसार चालविला. श्रमाच्या प्रतिष्ठेवर आम्ही व्याख्याने पुष्कळ देतो; पण नळाची गळती थांबवावयाची झाली तरी माणूस बोलावतो. मी स्वतः या विषयावर स्नेहसंमेलनांतून बोललो आहे. साठीच्या आत एकदा तरी आपल्या हातांनी काही खरे काम करून पाहावे, अशी ऊर्मी मनात आली, आणि चिरंजीव पुण्यास एंजिनियरिंग शिकत असल्याने त्याने सुटीत आणलेली पान्यांची पेटी व दुरुस्तीची पुस्तिका घरात होतीच. ऊर्मी वाईट नव्हती, असे मी आजही म्हणतो.

घरातून विरोध झाला. “अहो, गाडी अंगावर बसली तर ती तुमच्या एकट्याच्याच अंगावर बसणार का?” असे मला विचारण्यात आले. मी हसून मिल्लचा आधार घेतला. आगरकरांच्या पिढीपासून मिल्ल हा आम्हा महाराष्ट्रीय सुशिक्षितांच्या घरचाच मनुष्य होऊन बसला आहे. ज्या कृत्याचे बरेवाईट परिणाम कर्त्यापुरतेच राहतात त्यात समाजाने हात घालू नये, हे त्याचे १८५९ मधील प्रतिपादन मी कितीदा शिकविले असेल त्याची गणती नाही. पण त्याच ग्रंथात एक उदाहरण आहे, त्याचा मला त्या वेळी सोयीस्कर विसर पडला. पूल मोडकळीस आलेला असून एखादा इसम अजाणता त्यावर पाऊल टाकीत असेल, आणि त्यास सावध करण्यास अवकाश नसेल, तर त्यास दंडास धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही; कारण नदीत पडावे अशी काही त्याची इच्छा नसते. आमच्या घरातील प्रश्न हा तसा दंडास धरण्याचाच प्रकार होता. मी दंड सोडवून घेतला.

रविवारी सकाळी गाडी निंबाच्या सावलीत घेतली. अंगणात शहाबादी फरशी आहे, पण सावली फरशीच्या पलीकडे काळ्या मातीवर पडते, आणि तेथून जमीन फाटकाकडे किंचित उतरती आहे. मातीवर फळी टाकून तीवर गाडीबरोबर आलेला जॅक ठेवला. हँडब्रेक ओढला आणि वर खबरदारी म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. मागील चाकांना दगड लावावे असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते. दगड अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, तुळशीवृंदावनापाशी होते. वीस पावलांचे अंतर. हँडब्रेक आहे, गिअर आहे, मग दगड कशाला, असे मनाशी म्हटले. जॅकखेरीज दुसरा आधार, ज्यास घोडी म्हणतात ती लोखंडी तिवई, माझ्यापाशी नव्हती. आणि आपण गाडीखाली थोडेच शिरणार आहोत, फक्त चाकाच्या पोकळीत हात घालणार, असे समाधान त्या बाबतीत करून घेतले.

येथे थांबून माझ्या अज्ञानाचा हिशेब दिला पाहिजे. आमची गाडी पुढल्या चाकांनी ओढली जाणारी आहे. गिअरमध्ये टाकल्याने जी चाके अडतात ती पुढची. आणि त्यांपैकी एक मी हवेत उचलले होते. एक चाक मोकळे फिरू लागले म्हणजे गिअरचा अडसर दुसऱ्या चाकासही धरीत नाही, ही यंत्राची रीत आहे. अर्थात माझी ‘खबरदारी’ निव्वळ दिखाऊ होती. उरला हँडब्रेक, तो मागील चाकांवर चालतो. आणि त्याची केबल ढिली आहे हे मला महिन्यापूर्वी सांगण्यात आलेले होते. सातशे किलोंच्या आसपास वजनाचे ते धूड उतारावर कशाच्या बळावर उभे होते, तर माझ्या विश्वासाच्या.

शेजारचा आठ वर्षांचा मुलगा येऊन बसला होता. त्याचे माझ्यावर प्रेम आहे आणि माझे त्याजवर. सुटलेले नट एका स्टीलच्या ताटलीत जमा करण्याचे काम मी त्याजकडे दिले होते, व तो ते मोठ्या गांभीर्याने करीत होता. काढलेले चाक वाटेत पडले होते ते बाजूस कर म्हणून मी त्यास सांगितले. त्याने ते थोडे लोळविले, दमला, आणि गाडीच्या उंबऱ्याखाली अर्धेमुर्धे आडवे पडू दिले. नंतर एक नट घरंगळून ब्रेकच्या तबकडीखाली गेला. त्याने हात आत घातला. “राहू दे, मग काढू,” असे मी म्हणालो, ते काही धोका जाणवला म्हणून नव्हे. उजेड अडत होता म्हणून. त्याने हात काढून घेतला. खालचा बोल्ट गंजून बसला होता. मी पान्याच्या दांडीत पाइप घालून सगळे अंग टाकून हिसका दिला. तोच गाडी वीतभर पुढे सरकली, जॅक तिरपा होऊन पत्र्यास घासत निसटला, आणि सगळा डोलारा खाली आला. खाली आला तो त्या आडव्या पडलेल्या चाकावर. तबकडी व जमीन यांत चार बोटांचे अंतर शिल्लक राहिले. तो नट तेथेच, त्या अंतरात, पडलेला होता.

मुलगा हसला. त्यास ती गंमत वाटली. मी मात्र उठू शकलो नाही.

उस्तादांना फोन केला. ते अर्ध्या तासात आले, रविवार असूनही, दोन घोड्या व एक पोते घेऊन. त्यांनी मला एक शब्दही दोषाचा लावला नाही. प्रथम त्यांनी वृंदावनापाशील दगड आणून मागील दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दिले, मग गाडी फरशीवर घेतली, आणि उचलून घोड्यांवर बसविली. “जॅकनं गाडी वर न्यायची, सर. वर ठेवायची घोडीनं,” एवढेच ते बोलले. घोडीवर बसल्यावर त्यांनी गाडीस खांद्याने दोनचार धक्के देऊन पाहिले. ही क्रिया मला फार उद्बोधक वाटली. ती का, ते पुढे सांगतो.

पुढील काम आम्ही दोघांनी मिळून केले, व ते मी जन्मभर विसरणार नाही. चाकाचा तुंबा त्यांनी दोरीने बांधून ठेवला, नाही तर त्याचे ओझे ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबले असते. खालचे दोन बोल्ट काढले. वरून, बॉनेट उघडून, पत्र्यातील नट काढले. पण मधला मोठा नट मी सैल करू लागताच त्यांनी माझे मनगट धरले. स्प्रिंगला जखडून ठेवणारा तो एकच नट. संच गाडीबाहेर आल्यावर, स्प्रिंग दाबून बांधल्याविना जर तो काढला, तर स्प्रिंग वरची लोखंडी टोपी घेऊन सुटते. तिच्यात किती बळ असते याचा मी संध्याकाळी कागदावर हिशेब केला. समजा, दोनशे किलोंच्या भाराने ती पंधरा सेंटीमीटर दबलेली आहे. तर तिच्यात साठलेली शक्ती एका मीटरवरून पडणाऱ्या पंधरा किलोंच्या दगडाइतकी भरते. आणि तो दगड तोंडासमोर धरलेला असतो. त्यांनी स्प्रिंगच्या समोरासमोरच्या दोन बाजूंस आकड्यांचे स्क्रू लावले, आणि एकदा हा, एकदा तो, असे दोनदोन फेरे देत ती आवळीत नेली. एकाच बाजूस घाई केली तर स्प्रिंग वाकडी होऊन आकडा निसटतो. स्प्रिंग टोपीपासून सुटी होऊन किंचित हलू लागली तेव्हाच मधल्या नटास हात लावला. नव्या नळीचा चकचकीत दांडा पकडीने धरावयाचा नाही, त्यावर चरा उमटला तर तेलाचे सील फाटते. वरचे रबर व बेअरिंग जुने वापरावयाचे नाही. एका बाजूचे बदलले की दुसऱ्याही बाजूचे बदलावयाचे. शेवटचे आवळणे पुस्तिकेत दिलेल्या मापानेच करावयाचे. हे सारे ते काम करता करता बोलत होते. दिवस मावळता दोन्ही बाजू झाल्या. दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. गाडी आता उत्तम चालते.

विल्यम क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणिती होऊन गेला. तो अवघा तेहतीस वर्षे जगला; पण १८७७ साली त्याने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला, तो अद्याप वाचला जातो. त्यात एक जहाजमालक आहे. देशांतर करणाऱ्या कुटुंबांनी भरलेले जहाज तो समुद्रात सोडणार असतो. जहाज जुने आहे, तपासून घ्यावे, अशी शंका त्याच्या मनास चाटून जाते; पण एवढ्या फेऱ्या झाल्या, ही एक का होणार नाही, अशा विचारांनी तो ती शंका निजवितो, आणि अगदी प्रामाणिकपणे, निश्चिंत मनाने जहाजास निरोप देतो. जहाज बुडते. मालक दोषी, हे कोणीही सांगेल. क्लिफर्डचे म्हणणे याच्या पुढे जाते: जहाज बुडाले नसते, सुखरूप पोचले असते, तरी मालक तितकाच दोषी ठरला असता, फक्त तो उघडकीस आला नसता. विश्वास खरा निघाला की खोटा, हा प्रश्न नाही. तो विश्वास बाळगण्याचा त्यास अधिकार होता काय, हा प्रश्न आहे.

हा निबंध मी वर्गात बहुधा वीस वेळा शिकविला असेल. विद्यार्थी दरवर्षी एकच आक्षेप काढतात: जहाज पोचले असता दोष कसला? आणि मी दरवर्षी ठराविक उत्तर देतो. चैत्रातल्या त्या रविवारी मला प्रथम कळले की विद्यार्थ्यांचा आक्षेप बुद्धीतून येत नाही. तो निश्वासातून येतो. ‘काही झाले नाही ना,’ हा निश्वास सुटला की मन पुढचा विचार करावयास राजी नसते. विल्यम्स व नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली या प्रश्नास ‘नैतिक दैव’ असे नाव देऊन पुष्कळ ऊहापोह केला: दोन मनुष्यांनी सारखीच हयगय केली, एकाच्या वाटेत मूल आले, दुसऱ्याच्या आले नाही; जग दोघांस सारखे लेखीत नाही, हे न्याय्य काय? त्या चर्चेचा निकाल लागलेला नाही. मला माझ्यापुरते एवढे दिसते की, माझ्या सावधगिरीने त्या मुलाचा हात वाचला नाही; त्याच्या कंटाळ्याने वाचला. श्रेयाच्या वहीत माझ्या नावावर काही जमा नाही. मग दोषाच्या वहीतील रकमेचे काय करावयाचे?

आणि उस्तादांनी घोडीवरच्या गाडीस धक्के दिले ते काय होते? आधारावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्यांनी पुरावा मागितला. क्लिफर्डचे नाव त्यांनी ऐकलेले नाही.

आमच्या जिल्ह्यात ‘वरचा भार’ या शब्दास एक निराळा अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारीचे नाव सर्वतोमुखी झाले. पण सास्तूर व आमच्या भागातील इतर गावेही उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढलेली जड माळवदे; झोपलेल्या माणसांवर ती आली. त्या घरधन्यांना कोणी जहाजमालकाच्या पंक्तीस बसवील काय? हा प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. आदल्या वर्षी लहान धक्के जाणवले होते, हे खरे. पण ज्याला दुसरे घर नाही तो शंका आली तरी निजावयास कोठे जाणार? क्लिफर्डच्या निबंधात ही बाजू नाही. शंका निजविणे आणि शंका घेऊन निजणे या दोहोंत फार अंतर आहे. माझ्यापुढे दगड वीस पावलांवर होते.

तेरच्या वाटेवरच या गोष्टीचा आरंभ झाला, म्हणून गोरोबाकाकांची कथा मला सारखी आठवत राहिली. ती घरोघर ठाऊक आहे. मडक्यांसाठी माती तुडविताना गोरोबा विठ्ठलाच्या नामात इतके दंग झाले की, पायाशी रांगत आलेले आपलेच मूल त्यांना दिसले नाही. मूल सोपवून पाण्यास गेलेली आई परत आली तेव्हा चिखल लाल झाला होता. परंपरेने ही कथा भक्तीच्या परमावधीची म्हणून सांगितली आहे, आणि शेवटी देव मूल परत देतो. मी श्रद्धाळू घरातला आहे. लहानपणी मला या कथेत देव दिसे. आता मला पाण्याची घागर घेऊन दारात उभी असलेली ती आई दिसते. तिने पतीस जे शब्द सुनावले ते तिचे अज्ञान असे कीर्तनकार समजावून सांगतात. मला ते आता तितके सहज पटत नाही. कथा रचणाऱ्यांनीही तिचा आक्रोश गाळलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अनवधान पवित्र कारणाने झाले की अपवित्र, हे ज्याचे मूल आहे त्याने का विचारात घ्यावे? आणि माझे अनवधान तर नामस्मरणाचेही नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी मला प्रथम सुचलीच नाही. या प्रसंगानंतर माझे पहिले मत असे झाले की, अशी कामे आपण करूच नयेत. ज्याचे त्याने करावे. मत शहाणपणाचे दिसते. पण दोन दिवसांनी हिशेब चुकता करण्यास गॅरेजात गेलो, तेव्हा एक विशीतला मुलगा मोटारीखाली उताणा पडलेला होता, आणि ती मोटार नुसत्या जॅकवर होती. शेजारी एक चाक आडवे टाकलेले. मी उस्तादांकडे पाहिले. ते म्हणाले, “घोड्या दोन, गाड्या चार, सर. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहतंय.” डोक्यावर उभे राहणाऱ्या त्या गिऱ्हाइकांत मी होतो. पावसाळ्यापूर्वी मीच मनगटावरील घड्याळ दाखवीत ‘तासाभरात द्या, मला सोलापूर गाठायचे आहे’ असे म्हटल्याचे मला स्पष्ट आठवले. जे काम माझ्या अंगास धोक्याचे म्हणून मी सोडले, तेच पैसे देऊन दुसऱ्याच्या मुलास सांगितले म्हणजे धोका नाहीसा झाला की केवळ माझ्या दृष्टीआड झाला?

मला वाटते, पैसे देऊन धोका दुसऱ्यावर सोपविणे हे स्वतः होऊन अन्याय नव्हे. विहिरी खणणारे, वीज जोडणारे, उंच भिंती बांधणारे यांच्याविना समाज चालत नाही. आणि ज्याच्या हाती कसब आहे त्यास धोका कमी असतो, हेही खरे. परंतु तीन गोष्टी त्याच्यापाशी असावयास पाहिजेत: कसब, साधन, आणि ‘थांबा’ म्हणण्याची मोकळीक. कसब त्या मुलापाशी माझ्या शतपट होते. साधन अर्धे होते. तिसरी गोष्ट आम्हीच घड्याळ दाखवून काढून घेतो, आणि मग म्हणतो की ते लोक निष्काळजी असतात. मी त्यानंतर दोन घोड्या विकत आणल्या. त्या आमच्या जिन्याखाली आहेत. वर्षातून एकदा लागल्या तर लागतील. गॅरेजात अद्याप दोनच आहेत. ही विसंगती हे वाक्य लिहीपर्यंत माझ्या डोक्यात आली नव्हती, हे कबूल करतो. उद्या त्या तिकडे पोचविल्या पाहिजेत.

आता राहिली मूळ गोष्ट. त्या मुलाच्या आईबापांना सांगावयाचे की नाही? आठपंधरा दिवस मी हे टाळले. सांगून काय साधणार? झालेली हानी असती तर क्षमा मागता आली असती. न झालेल्या हानीबद्दल क्षमा मागणे म्हणजे त्यांच्या मनात एक नवीन भीती पेरणे, आणि त्या मोबदल्यात आपले मन हलके करून घेणे. असला व्यवहार स्वार्थीच म्हणावा लागेल. हा युक्तिवाद मला चांगला वाटला, आणि चांगला वाटला म्हणूनच मी त्याजवर संशय घेतला. कारण दगड न आणण्याचा युक्तिवादही मला असाच चांगला वाटला होता. शिवाय त्यात एक उणीव होती. मूल त्यांचे. ते कोणाच्या भरवशावर कोठे खेळावयास पाठवावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा. आणि माझ्या भरवशाची खरी किंमत काय, याची माहिती माझ्यापाशी असून त्यांच्यापाशी नव्हती. उस्तादांनी केबलची गोष्ट मला सांगितली, तेव्हा माझे मन दुखेल की काय याचा विचार त्यांनी केला नव्हता.

वैशाखात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. वडील ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत होते. आई आत होती, पण दार उघडे होते. मी सर्व सांगितले, केबलसुद्धा, दगडांसुद्धा. वडील मोठ्याने हसले. “काही झालं नाही ना, सर? मग कशाला एवढं मनाला लावून घेता? तुमच्यासारखा शेजार मिळायला भाग्य लागतं.” त्यांनी चहा सांगितला. चहा आला तो मोठ्या मुलीच्या हाती आला. आई बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा आमच्या अंगणात येत नाहीसा झाला. फाटकातून मला हाक मारतो, शाळेतल्या गोष्टी सांगतो, आणि आतून आवाज आला की पळतो. त्याची नटांची ताटली मी त्यास परत देऊ केली, कारण ती त्यांच्याच घरची होती, तर तो म्हणाला, “आजोबा, तुमच्याकडेच असू द्या. पुढच्या वेळी लागेल.”